सोन्याची नको, लोखंडाचीच द्या!

लाकूडतोड्याची गोष्ट ठाऊक नाही असं मराठी पोर सापडणं कठीण. पाण्यातून देवी वर येते, आधी सोन्याची कुऱ्हाड दाखवते, मग चांदीची, आणि गडी दोन्हींना मान हलवतो. इसापाच्या मूळ ग्रीक कथेत देवीऐवजी हर्मीस हा देव आहे, बाकी मामला तोच. गोष्ट सांगतात प्रामाणिकपणासाठी, पण मला त्या माणसाची पारखही तितकीच भावते. खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्सच्या श्रेणीत शुद्ध सोनं अडीच-तीनच्या घरात येतं, म्हणजे आपल्या नखाच्या जवळपास! बाभळीच्या बुंध्यावर पहिल्याच घावाला त्याची धार दुमडली असती. नीट पाणी दिलेलं पोलाद याच श्रेणीत सहाच्या आसपास पोचतं. रोज लाकडावर पोट असलेल्या माणसाने बरोबर वस्तू निवडली.

आज आपल्यापुढे देवी नसते, दुकानदार असतो. समोर चकचकीत रंगवलेल्या दहा कुऱ्हाडी टांगलेल्या असतात. त्यांतली कोणती घ्यावी?

आधी दांडा बघा

नव्वद टक्के गिऱ्हाईक पात्यावरून बोट फिरवून बघतं. बघावा तो दांडा. पातं बोथट असेल तर तासाभरात पाजवता येतं, पण दांडा चुकीच्या लाकडाचा असेल तर तो ऐन घावाला मोडतो आणि पातं कुठे जाईल याचा भरवसा नाही.

आपल्याकडे दांड्यासाठी धामणीचं नाव आदराने घेतात. धामण चिवट आणि लवचीक, घावाचा हिसका स्वतः पिते, हातापर्यंत पोचू देत नाही. ती मिळाली नाही तर बाभूळ आहेच. तिवसही शेतीच्या अवजारांसाठी नावाजलेला. अमेरिकेत हाच मान हिकरीला आहे, युरोपात ॲशला. सगळ्यांत गुण एकच, कणखरपणाबरोबर लवचीकपणा. नुसतं कठीण लाकूड इथे कामाचं नाही.

लाकूड चांगलं असलं तरी ते कापलं कसं आहे हे पाहावं लागतं. दांड्याच्या टोकाला वर्षवलयांच्या रेषा दिसतात. त्या धारेकडून पाठीकडे धावत असतील तर उत्तम, आडव्या असतील तर दुसरा दांडा मागा. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत वलयं स्पष्ट नसतात, तेव्हा दांडा आडवा धरून बाजूने बघा. लाकडाचे तंतू वरपासून खालपर्यंत सलग गेले पाहिजेत. ते मध्येच तिरके होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर दांडा नेमका तिथेच चिरणार. पात्याजवळ गाठ असली तर मुळीच घेऊ नका. आणि जाड रंगाखाली गाठही लपते, चीरही लपते. दांडा रंगवलेला असला की मला संशय येतो. कोरा दांडा घ्यावा, घरी जवसाचं तेल चोळावं. व्हार्निशपेक्षा तो हातात जास्त घट्ट बसतो आणि फोडही कमी येतात.

दांड्याचं इतकं कौतुक का, तर माणसाला तो सुचायला लाखो वर्षं लागली. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला सापडलेल्या दगडी हातकुऱ्हाडी सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. चेन्नईजवळच्या अत्तिरंपक्कमच्या सुमारे पंधरा लाख वर्षांच्या. आपल्या नेवाशाजवळ, प्रवरेकाठी चिरकी इथे गुडरुन कोर्विनस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन केलं, तिथेही अशीच अवजारं मिळाली. ही सगळी मुठीत धरायची, दांड्याविना! दांडा बसवण्याजोगी, धार घासून घडवलेली कुऱ्हाड फार उशिरा आली. तिचा सर्वांत जुन्यांपैकी एक तुकडा ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात मिळाला, वय सुमारे ४६ ते ४९ हजार वर्षं. तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा, पण त्यावरचं घासकाम स्पष्ट दिसतं. दांड्याने हाताची लांबी वाढली, आणि हाताची लांबी वाढली की घावाचा वेग वाढतो. त्या वेगाचा हिशेब पुढे येतोच.

नेढ्यात डोकावा

दांडा ज्या भोकात बसतो ते नेढं. तांब्याच्या काळातल्या कित्येक कुऱ्हाडींना हे भोकच नव्हतं. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओत्झी नावाचा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळची कुऱ्हाड जवळजवळ अखंड आहे. यू झाडाचा साधारण ६० सेंटिमीटरचा दांडा, त्याच्या काटकोनी टोकाला खाच, खाचेत ९९.७ टक्के शुद्ध तांब्याचं पातं, वर बर्च झाडाच्या सालीचं डांबर आणि चामड्याची घट्ट गुंडाळी. तांबं तपासल्यावर कळलं की ते शेकडो किलोमीटर दक्षिणेच्या टस्कनीतून आलेलं. चांगल्या मालासाठी लांबून मागवण्याची हौस तेव्हाही होती!

संगमनेरजवळच्या जोर्व्याला मिळालेल्या तांब्याच्या कुऱ्हाडी अशाच चपट्या, बिननेढ्याच्या. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया इथे १८७० मध्ये तर खजिनाच निघाला. तांब्याच्या ४२४ वस्तू, त्यांत चपट्या कुऱ्हाडींचाच भरणा, एकूण वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या वर. सोबत चांदीचे १०२ पत्रे.

आता दुकानात परत येऊ. नेढ्यात वरून बघा. दांडा सगळीकडून भिडलेला हवा. लोखंडी पाचर ठोकलेली असूनही फट दिसत असेल, तर ती पाचर दुखणं झाकायला मारली आहे. मग कुऱ्हाड उचला, धार आपल्याकडे करा, एक डोळा मिटा. धारेची रेघ आणि दांडा एका ओळीत आले पाहिजेत. किंचित तिरपेपणा असला तरी प्रत्येक घाव तिरपा जाणार.

कुदळीची तऱ्हा याहून वेगळी. तिच्यात दांडा वरून घालतात, वरचं टोक जाड असतं, त्यामुळे काम करताना पातं आणखी घट्ट होत जातं आणि पाचर लागत नाही. अशा बसवणीच्या कुऱ्हाडीही असतात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा टोमाहॉक असाच. सैल झाल्यावर दांडा बदलणं अगदी सोपं, म्हणून रानात राहणाऱ्याला मी हीच सुचवेन.

दांडा हलायला लागला की पातं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत घरोघरी आहे. ती सोडा. लाकूड फुगतं, तंतू नेढ्याच्या लोखंडाला दाबले जाऊन चेंगरतात, आणि वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा ढिला होतो. नवी पाचर ठोका, तेल पाजा.

पातं वाजवून घ्या

दांड्याविना नुसतं पातं मिळालं तर ते दोरीला टांगा आणि लोखंडाच्या तुकड्याने हलकेच टोला द्या. खणखणीत, लांबणारा आवाज आला तर पातं अखंड. बद्द वाजलं तर आत कुठेतरी चीर आहे.

मग कानस घ्या. धारेवर एकदाच हलकेच फिरवा. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पोलाद फार कडक, त्याचे टवके उडतील. लोण्यात रुतावी तशी रुतली तर फार मऊ, धार वळेल. थोडी अडखळत, थोडी खात चालली तर हीच ती. कुऱ्हाडीचं पोलाद चांगल्या सुरीपेक्षा जरा मऊ ठेवतात. सुरी कापते, कुऱ्हाड आदळते, आणि आदळणाऱ्या धारेला थोडं सोसता आलं पाहिजे.

पोलाद महाग होतं त्या काळी लोहार सगळी कुऱ्हाड पोलादाची करत नसत. अंग साध्या लोखंडाचं, फक्त धारेच्या जागी पोलादाची पट्टी आत घालून तापवून जोडलेली. जुन्या पात्यांवर ही जोडाची रेघ अजून दिसते. आज गावोगावचे लोहार ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं पोलाद वापरतात, आणि ते फार छान चालतं. वर्षानुवर्षं खड्डे सोसायला बनवलेलं पोलाद ते, चिवटपणा त्याच्या अंगातच.

लोहाराच्या भात्याजवळ चुंबक ठेवून एक गंमत बघता येते. लोखंड सुमारे ७७० अंशांना पोचलं की चुंबकाला चिकटेनासं होतं. पाणी द्यायची वेळ त्याच्या जरा पुढेच असते. घिसाडी आणि लोहार हे चुंबकाविना, नुसत्या लालीवरून ओळखतात, म्हणून कित्येक जण भट्टी सावलीत लावतात. भर उन्हात रंग कळत नाही.

वजनाचा मोह

जड कुऱ्हाड म्हणजे जोरकस कुऱ्हाड, हा सगळ्यांत मोठा गैरसमज. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. जी कुऱ्हाड तुम्ही तासभर वेगाने चालवू शकता तीच तुमच्यासाठी जोरकस म्हणायची. परसातल्या बारीक फांद्यांना सहाशे-सातशे ग्रॅमचं पातं पुरतं. बुंध्याला सव्वा ते दीड किलो. जळणाचे ओंडके फोडायला दोन-अडीच किलोचं पातं घ्या, पण त्याचा आकार वेगळा पाहिजे. तोडणारी कुऱ्हाड गालांना पातळ असते, तंतू आडवे कापत आत शिरते. फोडणारी गालांना फुगीर असते, ती पाचरीसारखी लाकूड दोन्हीकडे ढकलते. एकीचं काम दुसरीला दिलं तर पहिली ओंडक्यात अडकून बसते आणि दुसरी बुंध्यावरून उडते. सगळ्या कामांना एकच चांगली कुऱ्हाड विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

फिनलंडमध्ये हेइक्की कार्ना या माणसाने फोडायची कुऱ्हाड मुद्दाम एका बाजूला जड केली. घाव बसताच पातं आपोआप कुशीवर वळतं आणि लाकडाची ढलपी तरफेने उचलल्यासारखी सुटते.

युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांच्या कुऱ्हाडींना पाठ जवळजवळ नव्हतीच. तिथल्या अफाट जंगलात अठराव्या शतकात पाठ जड होत गेली, तोल नेढ्याशी आला आणि हेलकावा थांबला. पुढे दुतोंडी कुऱ्हाड आली. एक धार बारीक, स्वच्छ लाकडासाठी. दुसरी जाडसर, गाठी आणि मातीने माखलेल्या मुळांसाठी.

तुळया तासायच्या रुंद कुऱ्हाडीत तर डावी-उजवी असते! तिला एकाच बाजूने धार असते, आणि बोटं लाकडावर घासू नयेत म्हणून दांडाही बाहेरच्या अंगाला वळवलेला. डावखुऱ्याने उजवी उचलली तर काम होत नाही.

जाता जाता चार घाव

झाड तोडायला सहा तास मिळाले तर चार तास धार लावण्यात घालवीन, हे वाक्य अब्राहम लिंकन यांच्या नावावर मोबाइलमधून फिरतं. त्यांच्या लिखाणात किंवा भाषणांत ते सापडत नाही. त्यांनी तरुणपणी कुंपणासाठी लाकडं फोडली हे मात्र खरं, आणि १८६० च्या निवडणुकीत त्याचा भरपूर प्रचार झाला.

ब्रिटनचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना झाडं तोडण्याचा छंद होता. डिसेंबर १८६८ मध्ये पंतप्रधानपदासाठी राणीचा निरोप येत असल्याची तार आली तेव्हा ते हार्डनच्या आपल्या जमिनीवर कुऱ्हाडच चालवत होते. तार वाचली, आणि पुन्हा झाडाकडे वळले.

जपानी कुऱ्हाडीच्या एका गालावर तीन रेघा कोरतात, दुसऱ्यावर चार. झाडाला हात लावण्यापूर्वी निसर्गापुढे ठेवायच्या नैवेद्याची ती खूण मानतात.

परशुरामाने समुद्र हटवला तो कोकणच्या कथेत बाण मारून, केरळच्या कथेत परशू फेकून.

बास्क लोकांच्या शर्यतीत गडी आडव्या ओंडक्यावर उभा राहतो आणि स्वतःच्या दोन पायांमध्ये घाव घालतो. अनेक प्रवासी विमानांच्या कॉकपिटमध्येही छोटी कुऱ्हाड ठेवलेली असते, आपत्तीत आतला पत्रा फोडून आगीपर्यंत पोचायला.

आणि आपल्याकडे राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी पाणलोटाच्या कामात एक नियमच केला, कुऱ्हाडबंदी. सोबत चराईबंदी. झाडं राहिली, माती राहिली, विहिरींना पाणी आलं. शहरात तर १९७५ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते तुमच्या अंगणातलं का असेना. खरेदीआधी हे विचारून घ्यावं.

मिळते कुठे?

स्वीडनमध्ये हुल्ट्स ब्रुक हा कारखाना १६९७ पासूनचा आहे. ग्रान्सफोर्स ब्रुक १९०२ चा, तिथे पातं घडवणारा कारागीर त्यावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं ठोकतो. माल देखणा, पण मागवायला बराच महाग पडतो. माझा कौल गावच्या लोहाराला. त्याला आधी काम सांगा, लाकूड कोणतं ते सांगा, मग वजन. आठवडी बाजारात पाल टाकून बसलेला घिसाडी तुमच्यासमोर पाणी देऊन देतो.

जुन्या बाजारातलं गंजकं पातंही सोडू नका. वरवरचा गंज घासून जातो. मात्र दोन दोष परत करण्याजोगे. एक, पाठ ठोकून ठोकून अळंबीसारखी पसरलेली असणं, कारण त्या ठोक्यांनी नेढंही वाकडं झालेलं असतं. दुसरा, धारेजवळ निळसर पट्टा. कुणीतरी ग्राइंडरवर घाईने धार काढताना पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापवलं आणि पाणी उतरवलं. ते पातं पुन्हा लोहाराकडे नेऊन भट्टीत घालावं लागतं.

नवी कुऱ्हाड बहुधा धारेविना येते, म्हणून तिला पहिल्या दिवशी कानस, मग निसणा. मध्ये मध्ये पाणी शिंपडत, दोन्ही गालांना सारखेच हात द्या आणि मग वाळलेल्या बोरीवर चालवून बघा.