उंबरठा नसलेल्या इमारती

पणजीत कांपालच्या रस्त्यावरून चालताना कला अकादमी नेमकी कुठे सुरू होते ते चटकन कळत नाही. उंच कमान नाही, दबदबा निर्माण करणाऱ्या पायऱ्या नाहीत. माटवासारखं एक बैठं, काँक्रीटच्या तुळयांचं छत रस्त्याच्या बाजूला पुढे आलेलं आहे. त्याच्या सावलीत शिरून सरळ चालत राहिलं की पलीकडे मांडवी दिसते. खिशात तिकीट नसलेल्यानेही इथे टेकावं, गप्पा माराव्यात, नदीपर्यंत जावं, अशीच ही रचना.

आत दीनानाथ मंगेशकर कलामंदिर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी जुन्या नाट्यगृहातले सज्जे रंगवले आणि त्यांत गोव्याची माणसं बसवली. खरे प्रेक्षक अजून यायचे असतात, तरी सभागृह ओकंबोकं वाटत नाही. दिवे मंद झाले की ही चित्रातली मंडळी अंधारात विरतात आणि लक्ष आपोआप रंगमंचाकडे जातं. सजावट कामाला कशी लावावी, याचा इतका नेमका नमुना आपल्याकडच्या नाट्यगृहांत क्वचितच सापडेल. २०१९मध्ये ही इमारत पाडण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा गोव्यातले कलाकार आणि वास्तुतज्ज्ञ खवळून उठले. पुढे दुरुस्तीचं काम चालू असताना, जुलै २०२३मध्ये, खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. सार्वजनिक वास्तू जपायची म्हणजे काय करायचं, याचा पक्का विचार आपण अजूनही केलेला नाही, याचं दुःख होतं.

ही इमारत चार्ल्स कोरिया यांची. १९७३ ते १९८३ या काळातलं हे काम. कोरियांचं घराणं गोव्याचं, जन्म १ सप्टेंबर १९३०चा, सिकंदराबादेत. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ कसे मांडायचे याचे आराखडे ते कागदावर काढत. वास्तुरचनेची गोडी तिथूनच लागली, असं ते सांगत. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ आणि एमआयटी. शिक्षण संपवून ते परतले आणि १९५८मध्ये मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

तिशीही गाठली नव्हती तेव्हा साबरमती आश्रमातल्या गांधी स्मारक संग्रहालयाचं काम त्यांच्याकडे आलं. गांधीजींची पत्रं, छायाचित्रं, पुस्तकं ठेवायची जागा. दुसऱ्या एखाद्याने स्मारक म्हटल्यावर घुमट उभारला असता. कोरियांनी सहा मीटर लांब-रुंद असे चौक घेतले, विटांचे खांब उभे केले, वर उतरती कौलं घातली. काही चौक बंद, काही उघडे, मध्ये पाण्याचा हौद. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. पुढे गरज पडली तर शेजारी आणखी चौक जोडता यावेत, अशी सोय. १९६३मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. गांधीजी राहिले ते हृदयकुंज जवळच आहे, आणि त्याच्यासमोर ही नवी वास्तू कुठेही आवाज चढवत नाही. माझ्या मते कोरियांचं सर्वांत निर्दोष काम हेच.

त्यांचा सगळा विचार हवामानापासून सुरू होई. आपल्याकडे सकाळ-संध्याकाळ बसायची उत्तम जागा म्हणजे ओटा, अंगण, गच्ची, झाडाचा पार. मग सरकारी इमारतीने माणसाला बंद पेटीत का कोंडावं? आकाशाला उघडी जागा हीच त्यांनी इमारतीतली मुख्य खोली मानली. भोपाळचं भारत भवन (१९८२) रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही. तुम्ही वरून शिरता आणि गच्च्या-अंगणांतून तलावाकडे उतरत जाता. पुण्यात आयुकासाठी, जयंत नारळीकरांच्या खगोलशास्त्र संस्थेसाठी, त्यांनी मध्यभागी कुंड कल्पिलं. भोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत.

सगळंच जमलं असं नाही. दिल्लीत कॅनॉट प्लेसजवळची जीवन भारती ही इमारत मला पटत नाही. तिथली प्रचंड काचेची भिंत त्यांच्याच विचाराशी फारकत घेते.

भोपाळच्या विधान भवनात मात्र त्यांची खरी कसोटी लागली. १९८०मध्ये सुरू झालेलं काम पुरं व्हायला नव्वदचं दशक सरत आलं. एका मोठ्या वर्तुळात नऊ भाग, त्यांतले पाच म्हणजे चौक आणि दालनं. विधानसभेवरचा घुमट पाहिला की जवळच्या सांचीची आठवण होते. प्रवेशद्वारं तीन, आणि त्यांतलं एक खास जनतेचं. भिंतीवर गोंड कलाकार जनगढ सिंह श्याम यांची चित्रं आहेत. राज्यातल्या आदिवासी गावातून आलेल्या माणसाला सत्तेच्या इमारतीत आपलं काही दिसावं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९९८मध्ये या वास्तूला आगा खान पुरस्कार मिळाला.

इमारतींइतकंच त्यांनी शहरावर प्रेम केलं. प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी १९६४च्या सुमारास खाडीपलीकडे नव्या मुंबईची कल्पना मांडली, आणि ते शहर वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाल्यावर तिथे मुख्य वास्तुविशारद म्हणून काम केलं. १९९६मध्ये मुंबईतल्या गिरणगावाच्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागातल्या, जमिनींचा अभ्यास करणाऱ्या गटाचे ते अध्यक्ष होते. बंद गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करा, म्हणजे मैदानं, परवडणारी घरं आणि रस्ते एकमेकांना जोडून मिळतील, असं त्यांचं सांगणं. पण २००१मध्ये नियम बदलला. मोकळी जागा आणि घरांसाठीचा वाटा सबंध जमिनीवर न धरता फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्यांवर धरायचा, असं ठरलं. लालबाग-परळच्या मुलांच्या वाट्याला यायची मैदानं त्या एका दुरुस्तीत गेली. कोरिया २०१५मध्ये मुंबईतच वारले. तोवर त्या जमिनींवर मॉल आणि टोलेजंग मनोरे उभे राहिले होते, आणि त्यांच्या दारात चौकीदार होते.