चार दिवसांचं फळ

सीताफळ घेताना बोटांनी दाबून पाहायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. येरमाळ्याजवळ रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेल्या एका मावशींनी माझ्या हातातलं फळ अलगद काढून घेतलं. "दाबू नका, ताई. बोट लागलं की तिथं काळं पडतंय. डोळं बगा त्याचं." फळ फिरवून त्यांनी खवल्यांमधल्या फटी दाखवल्या. एका फळाच्या फटी हिरव्या आणि मिटलेल्या होत्या, दुसऱ्याच्या रुंदावून पिवळट पांढऱ्या झालेल्या. "डोळा उघडला की चार दिवस. त्याच्या आत खायाचं. न्हाईतर मग मुंग्यांचं."

हे चार दिवस माझ्या मनात घर करून राहिले. दसरा-दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडची माणसं कोकणात जातात, किनाऱ्यावर बसून ताजी सुरमई खातात आणि ज्या त्या हंगामात ज्या त्या गावचं खावं, असं परत येऊन सांगतात. खरंच आहे ते. पण त्याच दिवसांत बालाघाटाच्या माळांवरचा हंगाम पाट्यांमध्ये भरून रस्त्यावर येऊन बसलेला असतो, आणि त्याच्या शेजारून गाड्या समुद्राकडे निघून जातात. मी मावशींना विचारलं, पहाटे तोडणीला येऊ का? "या की. पायात बूट घाला. काटं हायती."

माळ एका शेतकऱ्याचा होता. त्यावरची झाडं मावशींनी हंगामापुरती उक्ती घेतलेली. म्हणजे पैसे आधी मोजायचे, फळ किती लागेल ते पावसावर. उजाडताना आम्ही वर चढलो तेव्हा गवत दवानं भिजलेलं होतं आणि लांबवर येडेश्वरीचा डोंगर नुकता दिसू लागला होता. सीताफळाचं झाड उंच नसतं. बहुतेक फळ हाताला येतं, उरलेल्याला आकडी. मावशी झाडापाशी जाऊन आधी नुसत्या पाहत राहायच्या. हात नंतर. मला एकसारखी दिसणारी दहा फळं त्यांना दहा वेगळी दिसत होती. एक तोडायचं, शेजारचं तसंच ठेवायचं. मी विचारलं की त्या फळाला हात न लावताच सांगत, "ह्याला अजून दोन दिवस हायती." डोळा न उघडलेलं फळ तोडलं तर ते पिकत नाही, नुसतं सुकून काळं पडतं. झाडावरच पिकू दिलं तर खारी, पाखरं, मुंग्या आपल्या आधी पोचतात. या दोन्हींच्या मधे जो अवकाश उरतो, तेवढाच माणसाचा.

तोडताना देठाचा बारीक तुकडा फळाला राहू द्यायचा, आणि फळ पाटीत टाकायचं नाही, ठेवायचं. झाडाच्या रसाने मावशींची बोटं काळी झालेली होती. हंगाम संपला तरी महिनाभर तो रंग जात नाही म्हणाल्या. त्या काळ्या बोटांकडे माझी नजर परत परत जात होती. एवढ्या राकट हातांनी फळ इतकं हळू धरलं जाताना मी आधी पाहिलं नव्हतं.

हे झाड इथलं नाही, यावर माळावर उभं राहून विश्वास बसत नाही. त्याचं मूळ अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यात. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ते आपल्याकडे पसरलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आलं समुद्रावरून. पण समुद्राकाठी ते रमलं नाही. कोकणातला धुवाधार पाऊस आणि दमट हवा त्याला सोसत नाही. त्याला हवी मुरमाड, उथळ जमीन, पाणी न साचणारा उतार आणि कोरडी हवा. दौलताबादच्या किल्ल्याभोवती, धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरांत, येडशीच्या रामलिंग घाटात, जिथे दुसरं काही नीट उगवत नाही तिथे ते कुणी न लावता उगवलं. शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून चराईच्या माळावरही टिकलं. बी इतकं जहाल की त्याची पूड उवांवर लावत, आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपत. उन्हाळ्याच्या शेवटी नवी पालवी फुटते, तिच्यासोबत हिरवट फुलं खाली तोंड करून लागतात. एकाच फुलातले स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे फळ धरायचं तर बारीक भुंगेऱ्यांनी एका फुलातून दुसऱ्यात जायला हवं. तिथून साधारण चार महिन्यांनी फळ हाताशी येतं. चार महिने झाडावर, चार दिवस माणसाकडे.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला आणि परांडा-भूमकडे नद्यांचं पाणी शेतांत शिरलं. कितीतरी घरांचं सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्यात गेलं. मावशी त्या दिवसांबद्दल थोडंच बोलल्या. माळावरची झाडं मात्र तगली, कारण उतारावर पाणी थांबत नाही. फळं तडकली, त्यांच्यावर डाग पडले, तरी दसऱ्याला पाटी भरली. "सोयाबीन गेलं, ह्यानं तेल-मीठ दिलं," म्हणाल्या. ज्या जमिनीला आपण पड म्हणून नावं ठेवतो, तिनं त्या वर्षी घर चालवलं. माळ सपाट करून प्लॉट पाडायची भाषा या रस्त्यालगत सगळीकडे ऐकू येते, तेव्हा मला हे तेल-मीठ आठवतं.

खाली आल्यावर निवड. दहा वाजेपर्यंतचा हा वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटला. मावशी फळं आकारावर लावत नाहीत. आजची, उद्याची, परवाची, आणि त्यानंतरची, अशा चार पाट्या. त्यानंतरच्या पाटीत गवताचा थर खाली आणि वर. आजची फळं सगळ्यात मागे, सावलीत, कारण ऊन लागलं की ती दुपारीच फुटतात. फुटलेली फळं विकायची नाहीत, घरी न्यायची. नातवंडं भाकरीआधी त्यांवरच तुटून पडतात.

फ्रीजचा इथे उपयोग नाही. फार थंडीत कच्च्या सीताफळाची साल काळी पडते आणि आतला गर नीट पिकत नाही. गर काढून गोठवला तर महिनोन्महिने राहतो. आईस्क्रीम आणि रबडीवाल्यांना तोच जातो. पण गर उकळायचा नसतो. तापला की कडवट होतो. सीताफळाची बासुंदी करताना दूध आटवून पूर्ण गार करायचं आणि मगच त्यात बिया काढलेला गर घालायचा. मावशींनी हे मला दोनदा बजावलं, आणि साखर हात आखडून घालायला सांगितली.

चार दिवसांच्या या बंधनातून सुटायची खटपट जवळच झाली आहे. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे शेतकरी नवनाथ कसपटे यांनी निवड करत करत एनएमके-1 गोल्डन हा वाण तयार केला. फळ मोठं, बिया कमी, पिकल्यावर सोनेरी, आणि दूरच्या बाजारापर्यंत टिकणारं. त्या वाणाच्या बागा आता महाराष्ट्राबाहेरही आहेत. अंबाजोगाईला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे आणि बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात पैसा देणारं हे काम आहे, त्याचं मोल मी जाणते. तरीही दोन्ही फळं एकाच दिवशी खाऊन पाहिली तेव्हा माझं मत माळाच्या बाजूने पडलं. माळाच्या फळात बियाच बिया असतात, प्रत्येक बीभोवती गराची पाकळी, ती जिभेवर सोडवत बसावी लागते. पण गर रवाळ, आणि वास असा की पाटी उघडली की बोलणं थांबतं. हा वास मी कुठल्याही दुकानात घेतलेला नाही. दुकानापर्यंत तो पोचतच नाही.

रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या वेगात जातात, थांबणाऱ्या कमी. जे थांबतात त्यांना मावशी भाव सांगायच्या आधी विचारतात, "कधी खायचंय?" बरीच माणसं या प्रश्नाने गोंधळतात. मोठी फळं द्या म्हणतात, वरची द्या म्हणतात. नवरात्रातल्या उपवासाच्या बायका मात्र बरोबर सांगतात: दोन आजची, चार उद्याची. घासाघीस होते, तीही तिथेच जास्त होते जिथे गाडी मोठी असते. मला ते पाहवत नव्हतं. पहाटेपासूनची चढण, भिजलेलं लुगडं, एकेक फळ निवडणारी नजर, आणि शंभराच्या वाट्यात वर एक फळ टाका म्हणून हट्ट. मावशी टाकतात. पण आजच्या फळांतलं टाकतात.

दुपारी बीडकडून एक कुटुंब आलं. बार्शी-पंढरपूरवरून गणपतीपुळ्याला निघालेलं, मागच्या काचेत पोरांचे पोहायचे टायर. मावशींनी तोच प्रश्न विचारला. "परवा, बीचवर," गाडीतला मुलगा म्हणाला. त्यांना परवाच्या पाटीतला वाटा मिळाला. सोबतच्या आजींना रात्रीसाठी उद्याच्या पाटीतली दोन सैल डोळ्यांची फळं, कारण त्या चावून खात नाहीत, कुस्करून खातात. मग बाईंनी आणखी एक वाटा मागितला: परत येताना पुण्याला नणंदेकडे जायचं आहे, तिला द्यायला, आठ दिवसांनी. मावशींनी वाट्यावरचा हात मागे घेतला.

"आठ दिवस न्हाई टिकायचं. चार दिवस हायती त्याला."

"अहो, आम्ही पैसे देतोय ना."

"पैसं द्याल, पर फळ सडंल आन् नणंद तुमाला बोलंल."

बाई हसल्या. मावशींनी परवाच्या फळांखाली वाळलं गवत घातलं, खोक्याचं झाकण बांधू नका, डिकीत ठेवू नका, पायापाशी ठेवा म्हणून सांगितलं. नणंदेसाठी बार्शीला बागेतलं सोनेरी सीताफळ मिळेल, ते घ्या, तेही चांगलं असतं, हेही सांगितलं. गाडी चालवणाऱ्या भाऊंनी विचारलं, पुण्यावरून याच रस्त्याने घरी जाऊ तेव्हा तुम्ही इथेच असाल का?

"हंगाम हाय तवर हाय की. पर सांजच्याला येऊ नका," मावशी म्हणाल्या. "तीनपतोर बसते. मग कुणाच्या सोयाबीनला जावं लागतंय."