पाच मिनिटांचा डाव

नेट गेलं की क्रोमच्या पांढऱ्या पानावर एक छोटा राखाडी डायनोसॉर उभा राहतो. स्पेस बार दाबला की तो धावायला लागतो. समोरून निवडुंग आला की उडी मारायची, अंगावर उडता सरडा आला की वाकायचं, धडकलो की डाव संपला. गुगलच्या डिझायनरांनी हा खेळ २०१४ साली ब्राउझरमध्ये ठेवला. त्याचे महिन्याला २७ कोटी डाव खेळले जातात, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. त्यातले बहुतेक खेळाडू भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा देशांतले होते, म्हणजे जिथे नेटचा भरवसा नाही किंवा ते महाग पडतं तिथले. लोक हा खेळ इतका खेळू लागले की शाळांना आणि कार्यालयांना तो बंद करता यावा, अशी सोयही गुगलला करून द्यावी लागली.

कार्यालयांनी तो बंद करण्यामागचा समज सरळ आहे: खेळ म्हणजे वेळेची नासाडी. चहाला पाच मिनिटं खाली गेलं तर कुणी काही म्हणत नाही. तीच पाच मिनिटं पडद्यावर पत्ते लावले, तर पाठीमागून साहेब येतोय का याकडे अर्धं लक्ष. हा भेद बरोबर आहे का, हे प्रयोग करून तपासता येतं, आणि काहींनी ते तपासलंही आहे.

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामधल्या मायकेल रप आणि सहकाऱ्यांनी ६६ जणांना संगणकावर डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग पाच मिनिटांची सुट्टी दिली. सुट्टीचे प्रकार तीन होते. काहींनी नुसतं शांत बसायचं, फोन नाही की संगणक नाही. काहींनी सूचना ऐकत शरीर-मन सैल सोडायचं. उरलेल्यांनी ‘सुशी कॅट’ नावाचा खेळ खेळायचा. या खेळात एक निळी गुबगुबीत मांजर वरून सोडायची असते. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांतून गोटी सोडण्याचा खेळ असतो, तसाच काहीसा हा प्रकार. मांजर आपटत, घरंगळत, वाटेतली सुशी खात फुगत जाते आणि पोट भरलं की तो टप्पा संपतो. खेळात घाई नाही, गोळीबार नाही.

२०१७ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला विचार करायला लावणारे वाटले. शांत बसलेल्यांचं कामातलं मन उडालं आणि काळजी मात्र वाढली. सूचना ऐकत सैलावलेल्यांचा ताण आणि त्रासिकपणा कमी झाला. पण ‘आता बरं वाटतंय’ असं सांगणारे फक्त मांजरवाले होते. ६६ हा आकडा लहान आहे आणि एका प्रयोगावर इमारत उभी करू नये, हे खरंच. तरीही नुसतं बसणं हीच खरी विश्रांती, या आपल्या ठाम समजुतीला इथे तडा जातो.

असं का होत असावं? मानसशास्त्रात ‘कार्यकारी स्मृती’ नावाची एक कल्पना आहे. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिची मांडणी केली. या क्षणी डोक्यात जे धरून ठेवलंय, ते लिहिण्याची ती छोटीशी पाटी म्हणा. पाटीचा एक भाग शब्दांचा, एक चित्रांचा आणि आकारांचा. पाटी लहान असल्याने एक मजकूर लिहायचा तर दुसरा पुसावा लागतो. काम थांबवून नुसते बसलो की पाटीवर कामच राहतं: अर्धवट हिशेब, न पाठवलेला मेल, सकाळी ऐकून घेतलेला शब्द. खेळ त्यावरून बोळा फिरवतो.

टेट्रिसमध्ये हे अगदी जवळून पाहता येतं. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी तो रचला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० या यंत्रावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून त्यांनी चौकटी कंसांच्या खुणांनी दाखवल्या. खेळात तुकडे सातच प्रकारचे, प्रत्येक चार चौकोनांचा. समजा, वरून काटकोनी तुकडा उतरतोय. डावीकडे एक खोल खाच आहे, उजवीकडे सपाट जागा. एकदा फिरवला तर खाचेत उभा बसेल, पण शेजारी भोक राहील. दोनदा फिरवला तर ओळ पूर्ण होईल. हे सगळं दीड-दोन सेकंदांत मनातल्या मनात फिरवून पाहायचं. तेवढ्या वेळात पाटीच्या चित्रांच्या भागावर दुसरं काही मावत नाही.

हीच गोष्ट ऑक्सफर्डमधल्या एमिली होम्स यांनी उपचाराच्या दृष्टीने पारखली. २००९ च्या त्यांच्या प्रयोगात लोकांना आधी अपघात-मृत्यूची विदारक दृश्यं दाखवली आणि अर्ध्या तासाने काहींना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात खेळलेल्यांच्या डोळ्यांसमोर ती दृश्यं अचानक येण्याचं प्रमाण कमी होतं. नंतरच्या प्रयोगात टेट्रिसऐवजी शब्दांची प्रश्नमंजूषा दिली, तर तिचा उपयोग झाला नाही. म्हणजे कुठल्याही खेळाने मन वळवलं तरी चालतं असं नाही. चित्राची आठवण अडवायला चित्राचाच खेळ लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सफर्डच्या रुग्णालयात वाहन-अपघातानंतर सहा तासांच्या आत आलेल्या ७१ रुग्णांवर याची चाचणी झाली. आधी अपघात थोडक्यात आठवायला सांगून मग टेट्रिस दिलेल्यांना पहिल्या आठवड्यात अशा आठवणी सरासरी ६२ टक्क्यांनी कमी आल्या. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घडलं. मोठा मानसिक आघात झालेल्याच्या हातात फोन देऊन मोकळं व्हावं, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आपल्या रोजच्या सुट्टीसाठी मी यातून एक अंदाज बांधते, आणि तो माझाच आहे: कामाचा पोत आणि खेळाचा पोत वेगळा हवा. दिवसभर मजकूर तपासणाऱ्याने आकारांचा खेळ घ्यावा. आराखडे काढणाऱ्याने शब्दकोडं सोडवावं, मग ते याच पुरवणीतलं का असेना.

खेळ किती अवघड असावा, यालाही महत्त्व आहे. कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी यांनी अस्वस्थपणे निकालाची वाट पाहणाऱ्या लोकांना टेट्रिस तीन प्रकारे खेळायला दिलं. एकात तुकडे रेंगाळत पडत, दुसऱ्यात इतके भरभर की हात चालू नये, तिसऱ्यात खेळाडूच्या कुवतीप्रमाणे वेग बदले. तिसऱ्या गटाची तंद्री सर्वांत चांगली लागली आणि वाट पाहणं त्यांना सुसह्य झालं. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर जिचा अभ्यास केला, ती ही तंद्री.

पण तंद्रीला कड असावी लागते, आणि माझी खरी काळजी इथे आहे. कँडी क्रशसारख्या खेळात पुढचा टप्पा नेहमीच तयार असतो. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की या खेळात थोडक्यात हुकलेला डाव माणसाला साध्या हरण्यापेक्षा जास्त चिडवतो आणि पुन्हा खेळण्याची ओढही वाढवतो. पाच मिनिटांची सुट्टी पाऊण तासाची होते ती या ‘जरासाठी राहिलं’मुळे. याच्या उलट जॉश वॉर्डल यांचं वर्डल. पाच अक्षरांचा शब्द, सहा प्रयत्न, दिवसाला एकच कोडं. रोज तीन मिनिटांपेक्षा जास्त कुणाची घेऊ नयेत, हा त्यांचा हेतू होता. १ नोव्हेंबर २०२१ ला ते ९० जण खेळले. दोन महिन्यांत खेळणारे तीन लाखांवर गेले आणि जानेवारी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने तो खेळ विकत घेतला. माणसाला सोडून देणारा खेळही लोकांना हवा असतो, याची ही साक्ष.

छोट्या सुट्टीकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. रोमानियातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये २२ अभ्यास आणि दोन हजार तीनशेहून अधिक माणसं यांचा एकत्र आढावा घेतला. दहा मिनिटांपर्यंतच्या सुट्टीने तरतरी वाढते, थकवा उतरतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. काम मात्र सरसकट सुधारलं नाही, आणि फार डोकं लागणाऱ्या कामानंतर दहा मिनिटं पुरत नाहीत, असाच एकूण कल होता. अशा वेळी खेळाने भागत नाही, उठून चालूनच यावं.

आणि डोळ्यांचं विसरू नका. पडद्याकडे पाहताना आपल्या पापण्या नेहमीपेक्षा कमी वेळा मिटतात, त्याने डोळे कोरडे पडून चुरचुरतात. खेळाने मन मोकळं होईल, डोळ्यांची पाळी तशीच चालू राहते. म्हणून डाव एकच खेळा, तोही आपोआप संपणारा. संपला की पडदा मिटवा, खिडकीशी जा आणि वीस फुटांपलीकडचं एखादं झाड किंवा समोरच्या इमारतीची गच्ची वीस सेकंद पाहा. मग खुर्चीत बसा.