टेक्सासची पोरं कुठं जातात

शुक्रवारी संध्याकाळी डॅलसच्या उत्तरेकडच्या आमच्या भागात सहसा कुणी कुणाला जेवायला बोलावत नाही. सगळे हायस्कूलच्या स्टेडियमवर असतात. माझी मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, त्यामुळे पाण्याचे खोके आणि गणवेशांच्या पेट्या उचलणाऱ्या पालकांत मीही असते. समोर चालतो तो अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि दहा-दहा यार्ड पुढं सरकण्यासाठीची झटापट. मी कोल्हापूरची. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम हे तिथले फुटबॉल (सॉकर) संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमचं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून अकरा पोरांवर गावानं आपली इभ्रत लावणं मला नवखं वाटलं नाही. थक्क झाले ते आकार बघून. जवळच्या ॲलन गावातल्या शाळेचं स्टेडियम १८,००० प्रेक्षकांचं. २०१२ साली ते उघडलं तेव्हा खर्च झाला होता सुमारे सहा कोटी डॉलर. आणि तिथं खेळणारा सतरा वर्षांचा मुलगा कुठल्या कॉलेजात जाणार, ही चर्चा किराणा दुकानात चालते, ऑफिसात चालते, आमच्या गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेतानासुद्धा चालते.

त्या चर्चेला कारण आहे. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, खेळाडूला घेत नाही. ती वर्षं कॉलेजच्या संघात जातात, आणि कॉलेजचे सामने इथं लाखभर माणसं मैदानात बसून पाहतात. म्हणून कॉलेजचे कोच नववी-दहावीपासूनच पोरांवर नजर ठेवतात. मानांकन करणाऱ्या कंपन्या एका ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत प्रतवारी लावतात. मग येते ‘ऑफर’: आमच्याकडे ये, शिष्यवृत्ती देतो. मुलगा घरच्यांबरोबर दोन-चार विद्यापीठं बघून येतो आणि एके दिवशी जाहीर करतो की मी अमक्या ठिकाणी कमिट झालो. हा निव्वळ तोंडी शब्द असतो. तो मुलाला बांधत नाही आणि कॉलेजलाही नाही. सही होते ती बारावीच्या डिसेंबरात. शाळेच्या जिममध्ये टेबल मांडतात, काही जण त्यावर तीन-चार विद्यापीठांच्या टोप्या ठेवतात, आणि मुलगा त्यातली एक उचलून डोक्यावर घालतो. आई रडते, कोच पाठ थोपटतो, आजूबाजूचे फोटो काढतात.

टेक्सासात वरच्या श्रेणीचा फुटबॉल खेळणारी विद्यापीठं तेरा आहेत. तरीही दरवर्षी इथली उत्तम पोरं ओक्लाहोमा, अलाबामा, लुइझियाना, ओहायोला जातात, आणि दरवर्षी तोच सूर लागतो: आपली पोरं आपल्याकडेच राहायला हवीत. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी घ्या. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाकडे ती दोनदा आली. १९७७ चा अर्ल कॅम्बेल टायलर गावचा, म्हणजे इथलाच. १९९८ चा रिकी विल्यम्स मात्र कॅलिफोर्नियाचा. उलट शेजारच्या ओक्लाहोमाला ही ट्रॉफी मिळवून देणाऱ्यांत टेक्सासच्या शाळांतून गेलेले तिघं आहेत: १९७८ चा बिली सिम्स, २०१७ चा बेकर मेफिल्ड आणि २०१८ चा कायलर मरे. डॅलसच्या एकाच वुड्रो विल्सन हायस्कुलातून दोन हाइझमन विजेते निघाले. डेव्ही ओब्रायन पलीकडच्या फोर्ट वर्थला टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून (टीसीयू) खेळला आणि १९३८ मध्ये जिंकला. टिम ब्राउन थेट इंडियानातल्या नोत्र दामला गेला आणि १९८७ मध्ये जिंकला.

पोरं ‘आपली’ म्हणणाऱ्यांना मला एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. या राज्यानं आपली किती तरी पोरं स्वतःच्या हातानं बाहेर घालवली आहेत.

वंशभेदाच्या काळात काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि त्यांच्या स्पर्धाही वेगळ्या. त्या प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग चालवायची. गावात स्टेडियम बहुधा एकच, आणि शुक्रवार गोऱ्या शाळांचा. मग काळ्या शाळा बुधवारी-गुरुवारी खेळायच्या. ज्या शुक्रवारचं एवढं कौतुक मी वर केलं, तो सगळ्यांचा व्हायला १९६० चं दशक सरत यावं लागलं. या शाळांतून तयार झालेल्या मुलासाठी राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांचं दार बंद होतं. आग्नेयेकडच्या ब्यूमाँट गावचा बबा स्मिथ वडिलांच्याच हाताखाली खेळून तयार झाला. त्याला टेक्सास विद्यापीठात खेळायचं होतं. ते काळे खेळाडू घेत नव्हते. तो उत्तरेला मिशिगन स्टेटला गेला. तिथल्या कोच डफी डॉहर्टींनी दक्षिणेतून अशीच बरीच मुलं नेली होती. १९६७ च्या एनएफएल निवडीत पहिलं नाव पुकारलं गेलं ते बबा स्मिथचं, आणि पहिल्या आठ नावांत मिशिगन स्टेटचे चौघं होते.

त्याच ब्यूमाँटच्या जेरी लेव्हायसनं १९६५ मध्ये डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा, एसएमयूचा, करार स्वीकारला. साउथवेस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटात शिष्यवृत्ती मिळालेला तो पहिला काळा फुटबॉलपटू. कोच हेडन फ्राय त्याच्या पाठीशी उभे राहिले. तरी मैदानावर त्याच्या अंगावर थुंकले, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. १९६६ मध्ये तो मैदानात उतरला आणि त्याच मोसमात एसएमयूनं कॉन्फरन्स जिंकली. टेक्सास विद्यापीठाचा १९६९ चा राष्ट्रीय विजेता संघ मात्र संपूर्ण गोराच होता. पुढच्या वर्षी सॅन अँटोनियोचा ज्युलियस व्हिटियर त्यांच्याकडून खेळला. कॅम्बेलनं हाइझमन जिंकली ती त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी. लेव्हायस ज्या वाटेनं गेला ती किती एकाकी असेल, हे मला बँडच्या बाकावर बसल्या बसल्या पुन्हा पुन्हा आठवतं, कारण आज आमच्या शाळेचा संघ सगळ्या रंगांचा आहे आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही.

पोरांना ओढायला पैसा पूर्वीही होता, लपून. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल एसएमयूचा १९८७ चा अख्खा मोसम रद्द केला गेला. आता तो उघड आहे. २०२१ च्या जुलैपासून कॉलेजचा खेळाडू स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे कमवू शकतो. २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना वाटा देऊ शकतं, पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. टेक्सासात २०२१ साली हायस्कूलच्या मुलाला असे पैसे घेता येत नव्हते, म्हणून साउथलेकचा क्विन युअर्स बारावी सोडून त्याच वर्षी ओहायो स्टेटला गेला आणि त्याच डिसेंबरात ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाकडे आला. कॉलेज बदलणंही सोपं झालंय, तशी पोरं आधीही बदलायचीच. कायलर मरे ॲलनकडून पहिल्या अकरांत उतरल्यावर एकही सामना हरला नव्हता. तो आधी टेक्सास ए अँड एमला गेला, मग ओक्लाहोमाला. याला लोक बेइमानी म्हणतात. मला ते पटत नाही. कोच मोठ्या पगारासाठी मोसम संपता संपता नोकरी बदलतात आणि त्यांच्या शब्दावर आलेली पोरं मागं राहतात. मग सगळी निष्ठा पोरानंच का पाळायची?

ताऱ्यांवरही माझा फार विश्वास नाही. ऑस्टिनच्या वेस्टलेक हायस्कूलचा, पुढं मोठं नाव कमावलेला ड्रू ब्रीझ राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांना नको होता, तो इंडियानातल्या पर्ड्यूला गेला. व्हाइटहाउस गावचा पॅट्रिक महोम्स तीन ताऱ्यांचा. तो टेक्सास टेकला राहिला, आणि त्यानं पुढं एनएफएलचे तीन सुपर बोल जिंकले.

हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरांतले साधारण सातच कॉलेजात खेळतात, आणि त्यातलेही बरेच छोट्या कॉलेजांत. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईनं परवा मला विचारलं की तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात खेळून काय मिळतं. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. मी तिला बेल्टनच्या मेरी हार्डिन-बेलरबद्दल सांगितलं. तिथंही टेक्सासचीच पोरं जातात, सकाळी वर्गात बसतात, दुपारी सराव करतात. २०२१ मध्ये त्यांनी त्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं.