मिरगाआधी आखा वर्षाचा कार्यक्रम : गार्डन क्लबच्या सभासदांनी कधी, काय आणि कुठे शिकावं?

बेळगाव : रोहिणी निम्म्यावर आली, वळवाचे दोन-चार शिंतोडे पडले की शहरातल्या नर्सऱ्यांत गर्दी सुरू होते. कुणी गुलाब नेतं, कुणी आंब्याचं कलम, कुणी नुसतंच दिसायला छान म्हणून एखादं विलायती नावाचं रोप. दिवाळीपर्यंत यातली निम्मी कुंडी रिकामी झालेली असते आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं, "आमच्या हाताला झाडच लागत नाही."

हाताला झाड न लागण्याचं कारण बहुतेक वेळा हातात नसतं, कॅलेंडरात असतं. थंडीत करायचं काम पावसात केलं, पावसात करायचं उन्हाळ्यात केलं की कितीही माया लावा, रोप जगत नाही. म्हणूनच गार्डन क्लबांचा वर्षाचा कार्यक्रम जानेवारीच्या प्रदर्शनापासून मागे नव्हे, तर मिरगापासून पुढे आखायला हवा. गल्लीतल्या, कॉलनीतल्या, महिला मंडळांच्या आणि हौशी मंडळींच्या क्लबांनी येत्या बारा महिन्यांत काय हाती घ्यावं, कुठे जाऊन शिकावं, याची ही माहिती.

घाई करण्याचं कारण

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांत जुन्या घरांमागे परसू असायचं. अळू, कडीपत्ता, जास्वंद, पारिजातक, एखादं लिंबू आणि विहिरीकडेला केळ. घर पाडून अपार्टमेंट झालं की परसवाची जागा पार्किंगला जाते. झाड जातं ते दिसतं, पण झाडाबरोबर त्याची माहितीही जाते, ते दिसत नाही. लिंबाची गुटी कोणत्या महिन्यात बांधायची, घेवड्याचं बी राखेत कसं ठेवायचं, हे घरातल्या आजीला ठाऊक असतं आणि नातवंडं ते यूट्यूबवर शोधतात. तिथं सांगणारा माणूस दुसऱ्या हवेतला. आपल्याकडे एकाच जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस झोडपतो आणि अथणीत लोक आभाळाकडे बघत बसतात. खानापूरकडे तांबडी माती, पूर्वेकडे काळी. दुसरीकडचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही.

क्लबचा खरा उपयोग इथं आहे. ज्याला येतं त्यानं दाखवायचं, ज्याला येत नाही त्यानं तिथंच करून बघायचं.

पहिली बैठक : मेलेलं रोप घेऊन या

वर्षाची सुरुवात भाषणानं करू नका. प्रत्येक सभासदानं घरातली एक मेलेली किंवा मरायला टेकलेली कुंडी आणावी. सगळ्यांसमोर रोप कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा. काळी, मऊ, वास मारणारी मुळं म्हणजे पाणी जास्त झालं. कुंडीच्या आकाराची गुंडाळी झालेली मुळं म्हणजे कुंडी लहान पडली. मुळं कोरडी आणि माती विटेसारखी घट्ट असेल तर पाणी वरच्या वर वाहून गेलं, आत पोचलंच नाही. तासाभरात दहा-बारा कुंड्या बघितल्या की लक्षात येतं, कुंडीतली बरीच झाडं पाण्यावाचून नव्हे, पाण्यानं मरतात.

यावर उपाय साधा आहे. बोटाची दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. आणि मातीचं मिश्रण बदला : एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस. भातगिरण्या आपल्याकडे आहेतच, तूस शोधत लांब जावं लागत नाही.

जून ते ऑगस्ट : कलमांचे दिवस

हवेत दमटपणा असतो तोवरच कलमं चांगली धरतात. त्यामुळे पहिली मोठी कार्यशाळा पावसाळ्यातच घ्या.

*कोय कलम :* आंबा खाऊन झाला की कोय फेकू नका. आंब्याच्या कोयीची रुजण्याची ताकद फार दिवस टिकत नाही, म्हणून ती लगेच पेरायची. रोप उगवून दहा-पंधरा दिवसांचं, तांबूस कोवळ्या पानांचं झालं की ते कोयीपासून बोटभर उंचीवर कापायचं, मध्ये चीर द्यायची आणि चांगल्या जातीच्या झाडाची तितक्याच जाडीची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. त्या काडीवरची पानं आठ-दहा दिवस आधी काढून ठेवावी लागतात, म्हणजे डोळे फुगतात. हे पुस्तकात वाचून येत नाही. चाकू कसा धरायचा ते शेजारी बसूनच शिकावं लागतं.

*गुटी कलम :* लिंबू, डाळिंब, क्रोटन यांना हे सोपं. फांदीवरची साल इंचभर रुंदीची गोल काढायची, ओलं करून पिळलेलं मॉस भोवती लावायचं आणि प्लॅस्टिकनं दोन्ही बाजूंनी बांधायचं. महिना-दोन महिन्यांत पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसू लागली की खालून कापून सावलीत कुंडीत लावायचं. वीस सभासदांनी आपापल्या झाडावर दोन-दोन गुट्या बांधल्या तर चाळीस होतात. त्यातल्या काही फसल्या तरी क्लबला विकत रोपं आणायची गरज उरत नाही.

*वनमहोत्सव :* जुलैचा पहिला आठवडा देशभर वनमहोत्सव म्हणून पाळला जातो. 1950 साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री क. मा. मुन्शी यांनी तो सुरू केला. फोटोपुरती शंभर रोपं लावण्यापेक्षा पाच लावा आणि प्रत्येक रोपापुढं एका सभासदाचं नाव लिहा. मार्च-एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, हे जुलैतच ठरलं पाहिजे.

सणाचं फूल, उलटा हिशोब

फुलांचं वेळापत्रक मागे मोजत यायचं असतं. दसऱ्याला झेंडू हवा तर सुमारे अडीच महिने आधी बी टाका. गुलाब छाटल्यावर साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत फुलतो, म्हणजे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या प्रदर्शनाला फूल न्यायचं असेल तर छाटणी डिसेंबरच्या सुरुवातीला यायला हवी. प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी टॉनिक मारून काही होत नाही.

शेवंतीची गोष्ट वेगळी. दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय तिला कळ्या येत नाहीत. शेवंतीची कुंडी रस्त्याच्या दिव्याखाली किंवा रात्रभर बल्ब जळणाऱ्या व्हरांड्यात ठेवली तर झाड हिरवंगार वाढतं, फुलं मात्र लांबतात. खत बदलून उपयोग नाही, कुंडी हलवा. जुलै-ऑगस्टमध्ये तिचे शेंडे खुडले की फांद्या वाढतात आणि फुलंही वाढतात. या खुडणीचं प्रात्यक्षिक अर्ध्या तासात होतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर : माती आणि गुलाब

धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा कृषी मेळा साधारण सप्टेंबरमध्ये भरतो. तो शेतकऱ्यांसाठी असला तरी परसबागवाल्यांनाही तिथं बरंच मिळतं. बी-बियाणं, जैविक खतं, अवजारं आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारता येतील अशी माणसं. क्लबची एक गाडी करून सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परत.

पाऊस ओसरला की माती तपासणीचा उपक्रम घ्या. नमुना कसा घ्यायचा हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बागेत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्या, सगळी एकत्र करा, सावलीत वाळवा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं करत करत अर्धा किलो उरेल तो नमुना. नुकतंच खत घातलेल्या जागेची माती घेऊ नका, अहवाल चुकतो. बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा जवळच्या रैत संपर्क केंद्रात आधी चौकशी करून नमुने सगळ्यांचे एकदमच न्या.

थंडी पडू लागली की गुलाबावर डोळा भरायचे दिवस. पेट्युनिया, फ्लॉक्स, डायान्थस अशा हंगामी फुलांचं बी मात्र त्याआधीच, हत्तीचा पाऊस संपताना टाकलेलं असावं.

डिसेंबर-जानेवारी : प्रदर्शनं बघायची कशी?

बंगळूरच्या लालबागेत 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या सुमारास फलपुष्प प्रदर्शन भरतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शनही जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असतं. ते भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 सालची आहे. बागलकोटच्या बागायत विज्ञान विद्यापीठात हिवाळ्यात तोटगारिके मेळा, म्हणजे बागायत मेळा, असतो. गोकाकजवळच्या अरभावीचं किट्टूर राणी चन्नम्मा बागायत महाविद्यालय याच विद्यापीठाचं. जवळ म्हणून तिथली भेट आधी ठरवावी. आपल्या शहरातलं ह्यूम पार्क तर घराजवळच आहे.

फुलांच्या कमानीपुढं सेल्फी काढून परत यायचं असेल तर बसभाडं वाया. त्यापेक्षा प्रत्येकानं एकच प्रश्न ठरवून जावं : गुलाबाच्या गटात पहिलं आलेलं फूल कशामुळं पहिलं आलं? देठाची लांबी, पाकळ्यांची ठेवण, पानांवरचे डाग, उमलण्याची अवस्था. परीक्षक काय बघतात ते एकदा कळलं की पुढच्या वर्षी आपल्या कुंडीकडे बघायची नजर बदलते.

फेब्रुवारी ते मे : बी, पाला आणि पाणी

फेब्रुवारी-मार्चमध्ये शहरात जागोजागी पालापाचोळा जळत असतो. तो गोळा करून जाळीच्या कोंडाळ्यात साठवा, अधूनमधून ओला करा. पुढच्या वर्षीचं खत फुकटात तयार होतं. हाच पाला कुंडीत दोन बोटं जाड पसरला तर एप्रिल-मेमध्ये पाणी कमी लागतं. राकसकोपचं पाणी तळाला जाऊन नळाचे दिवस लांबतात तेव्हा याची किंमत कळते.

बियांची देवाणघेवाण याच काळात ठेवा, पण थोडी माहिती घेऊन. घेवड्याचं बी घरच्या घरी शुद्ध राहतं, कारण त्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. दुधी, दोडका, भोपळा यांच्या दोन जाती शेजारी असतील तर मधमाश्या त्यांची सरमिसळ करतात. हायब्रिडचं बी धरू नये. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागायत संशोधन संस्थेचा अर्का रक्षक टोमॅटो हायब्रिड आहे, त्याचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत तेच गुण येतील असं नाही. त्याच संस्थेची अर्का अनामिका भेंडी सरळ वाण आहे, तिचं बी ठेवता येतं. मात्र शेजारी दुसरी भेंडी नको.

बी देण्याआधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून बघा. सात रुजले तर शेकडा सत्तर. पाकिटावर नाव, महिना आणि कुणाच्या घरचं, एवढं लिहाच. आणि दुसऱ्याच्या घरून आणलेली कुंडी पंधरा दिवस बाकीच्यांपासून लांब ठेवा. पिठ्या ढेकूण असाच एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जातो.

भाषेची अडचण, त्यावर तोडगा

सरकारी शिबिरांना मराठी मंडळी कमी जातात याचं एक कारण भाषा. माहितीपत्रक आणि व्याख्यान कन्नडमध्ये असतं. यासाठी शिकायची संधी सोडू नका. क्लबमध्ये दोन्ही भाषा येणारं कुणीतरी असतंच, त्यांना शेजारी बसवा आणि घरी येऊन मराठीत टिपण काढा. थोडे शब्द पाठ केले तरी काम भागतं. रोप म्हणजे ससि आणि कलम म्हणजे कसि, एवढ्यानंही नर्सरीतली गफलत टळते. खत गोब्बर, गांडूळखत एरेहुळु गोब्बर, जास्वंद दासवाळ, शेवंती सेवंतिगे, शेवगा नुग्गे. बेवू मागितलं तर कडुनिंब मिळेल. कडीपत्ता हवा असेल तर करिबेवू म्हणा.

क्लबची रोजकीर्द

शेवटी हिशोबाची वही. पैशाची नव्हे, झाडांची. तारीख, काय लावलं, कुठून आणलं, कधी फुललं, मेलं तर कशानं. दुकानात रोजकीर्द लिहिल्याशिवाय खतावणी होत नाही, बागेतही तसंच आहे. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की बेळगावच्या हवेचं, आपल्या मातीचं वेळापत्रक क्लबच्या हातात येतं. आजी-आजोबांच्या डोक्यात असलेली माहिती त्या वहीत उतरवून घ्यायचं काम तरुण सभासदांकडे द्या. महिन्यातून एक घर ठरवायचं, चहाला बसायचं, विचारायचं आणि लिहायचं.

मिरग निघायला अजून थोडे दिवस आहेत. येत्या रविवारी बैठक लावा, बारा महिन्यांचा तक्ता भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक कामापुढं एका सभासदाचं नाव टाका. आणि तोवर खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी बाजूला काढून ठेवा, जुलैच्या कार्यशाळेचं सामान तेच आहे. फक्त कोरड्या ठेवू नका, लगेच पेरा.