धूर नाही, मग धास्ती कशाची?

वाचकहो, विषय अणुविजेचा आहे, पण सुरुवात आपल्या विहिरीवरच्या पंपापासून करू. ५ अश्वशक्तीचा पंप ८ तास चालला की ढोबळमानाने ३० युनिट वीज खर्ची पडते. ही सगळी वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल, तर तिच्यापायी सुमारे २५ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत गेला असे समजा. म्हणजे अर्धे पोतेच की! तीच वीज अणुभट्टीतून आली, तर हा आकडा साडेतीनशे-चारशे ग्रॅमवर येतो. हे काही कुठल्या कंपनीच्या जाहिरातीतले गणित नाही. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २०१४ च्या अहवालात खाणीपासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरला. त्यात युनिटमागे कोळशाला ८२० ग्रॅम, मोठ्या सौर केंद्राला ४८, अणुविजेला १२ आणि जमिनीवरच्या पवनचक्कीला ११ ग्रॅम असे मधले आकडे दिले आहेत.

आता कुणी म्हणेल, आमच्या गावात धूर कुठे आहे? तो चंद्रपूरला आहे, परळीला आहे. १,००० मेगावॉटचे कोळशाचे केंद्र वर्षाला ४०-५० लाख टन कोळसा खाते. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा आणि कधी त्याहून जास्त राख निघते. ती राख कुणाच्या तरी शेतावर, कुणाच्या तरी ओढ्यात जाते. तेवढ्याच क्षमतेच्या अणुकेंद्राला वर्षाला २५-३० टन समृद्ध युरेनियम पुरते. म्हणजे दोन-चार ट्रकांचा माल. शिवाय कोळशाच्या केंद्रांना पाणी लागते ते गोड. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले होते, हे अनेकांना आठवत असेल.

आणि हवेत गेलेला वायू काही चंद्रपूरच्या हद्दीत थांबत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते आले. त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडाले. एका वादळाचे किंवा एका पुराचे खापर एकाच कारणावर फोडणे शहाणपणाचे नाही. पण अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेला समुद्र वादळांना बळ देतो, याबद्दल हवामानशास्त्रज्ञांत आता फारसे दुमत उरलेले नाही. मोहोर आला की अवकाळी पाऊस, फळ धरले की उष्णतेचा तडाखा, हे हापूसवाल्यांना कुणी अहवाल वाचून दाखवायला नको.

मग अणुवीज एवढी स्वच्छ, तर आपल्या राजापूर तालुक्यात तिला एवढा विरोध का झाला?

मुंबईच्या कचेऱ्यांतून याचे उत्तर ठरलेले असते. लोक अडाणी आहेत, अणू म्हटले की त्यांना हिरोशिमा आठवतो, त्यांचे गैरसमज दूर करा, पुस्तिका वाटा, शाळेत प्रदर्शन भरवा. भीती असते, खोटे कशाला बोला? २६ एप्रिल १९८६ चे चेर्नोबिल आणि ११ मार्च २०११ चे फुकुशिमा लोकांनी ऐकले-पाहिले आहे. पण भीतीवर माहितीचा उतारा चालतो. फुकुशिमाच्या वेळी भूकंपाने आणि त्सुनामीने १८ हजारांच्या वर माणसे गेली. किरणोत्सर्गाने झालेला मृत्यू म्हणून जपान सरकारने २०१८ साली एकच मान्य केला. मात्र स्थलांतराच्या हालअपेष्टांत दोन हजारांवर लोक दगावले, त्यांत वृद्ध फार. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या मोनाझाइटमुळे निसर्गतःच किरणोत्सर्ग कितीतरी जास्त आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक नांदताहेत आणि मोठ्या पाहणीत त्या किरणांमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. हे सगळे सांगता येते, सांगावेही.

माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरिलवाडा या गावांचे प्रश्न मात्र किरणांपाशी संपत नव्हते. ९३८ हेक्टर जमीन गेली. सरकारी कागदात ती बरीचशी पड, वरकस. आता कोकणातला सडा कागदावर पडच दिसायचा! पण त्याच सड्यावर सुरुंग लावून, माती वाहून कलमे जगवलेली असतात आणि पावसात गुरे चरतात ती तिथेच. ज्याने सातबाराच तेवढा वाचला, त्याला हे दिसणार कसे? सुरुवातीचे धनादेश बहुतेकांनी घेतले नाहीत. पुढे २०१३ साली मोबदला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख रुपये ठरला, तेव्हा अनेकांनी घेतले.

साखरी नाट्याच्या मच्छीमारांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांची एक गुंठाही जमीन गेली नाही, म्हणून मोबदल्याच्या यादीत त्यांचे नावच नव्हते. पण त्यांचे शेत समुद्रात आहे. ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण झाला, तर थंडाव्यासाठी दिवसाला ५,२०० कोटी लिटर समुद्राचे पाणी आत ओढले जाईल आणि काही अंशांनी तापून परत सोडले जाईल. बांगडा, कोळंबी यांचे काय होणार? भट्टीभोवतीच्या बंदोबस्तात होड्यांना वाट राहणार का? या साध्या प्रश्नांची उत्तरे त्यांना पटतील अशी मिळाली नाहीत. १८ एप्रिल २०११ रोजी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला. त्या दिवसानंतर कार्बनचा आकडा कोण ऐकून घेणार होते? पक्षांच्या भूमिका तर सत्तेच्या खुर्चीप्रमाणे फिरत राहिल्या. त्याबद्दल वेगळे लिहायला नको.

राजापूरकरांनी आणखी एक गोष्ट केली. ते तारापूरला जाऊन बघून आले. सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या गावी जाऊन चौकशी करतो ना, तसेच. तारापूरचे केंद्र १९६९ पासूनचे, देशातले पहिले. किरणोत्सर्गाचा मोठा अपघात तिथे झालेला नाही, ही बाजू भक्कम आहे आणि ती मान्य केली पाहिजे. पण तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली, त्यांच्या पुनर्वसनाचे भांडण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे चालले. तिथले मच्छीमार मासळी कमी झाल्याचे सांगतात. आता ती अणुकेंद्राच्या कोमट पाण्याने कमी झाली, की तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांनी, की बेसुमार यांत्रिक मासेमारीने? सांगता येत नाही, कारण केंद्र येण्याआधी किती मासळी मिळत होती याचे भरवशाचे टिपणच तुलनेला नाही. नोंद नसली की अफवेला रान मोकळे. सरकार म्हणणार काही झाले नाही, गाव म्हणणार सगळे झाले. दोघांकडेही वही नाही!

आता फिनलंडकडे या. एवढ्या लांब कशाला, असे वाटेल. पण जैतापूरसाठी जी ईपीआर नावाची फ्रेंच बनावटीची भट्टी ठरली, त्याच जातीची भट्टी फिनलंडमध्ये युराजोकी नावाच्या ग्रामीण नगरपालिकेच्या हद्दीत, ओल्किलुओतो बेटावर उभी आहे. त्या देशाच्या १९८७ च्या कायद्यानुसार स्थानिक पालिकेने नाही म्हटले, तर अणुप्रकल्प तिथे होऊ शकत नाही. सरकारलाही तो नकार डावलता येत नाही. हजारो वर्षे किरणोत्सर्गी राहणारे वापरलेले इंधन ४०० मीटरपेक्षा खोल खडकात पुरण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा युराजोकीच्या पालिकेत मतदान झाले. साल २०००. २० जण बाजूने, ७ विरुद्ध. जगात ज्याला कुणी दारात उभे करीत नाही, तो कचरा त्यांनी स्वीकारला! १९७९ पासून शेजारची भट्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, तिचा कर पालिकेच्या तिजोरीत येत होता आणि नाही म्हणायची मुभा होती. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला किंमत असते.

फिनलंडचे सगळेच गोड आहे असे नाही. ती ईपीआर भट्टी २००५ मध्ये बांधायला घेतली, २००९ मध्ये वीज द्यायची होती. नियमित वीज मिळू लागली ती एप्रिल २०२३ मध्ये. फ्रान्समध्ये फ्लामांव्हिल येथे २००७ साली सुरू केलेली त्याच प्रकारची भट्टी डिसेंबर २०२४ मध्ये जोडली गेली. खर्च किती फुगला ते विचारूच नका. तेव्हा हवामानासाठी घाई आहे म्हणून अणुवीज हवी असे जे म्हणतात, त्यांना एवढे तरी विचारावे, की पहिले युनिट कोणत्या साली मिळणार आणि कितीला? जैतापूरच्या पर्यावरण मंजुरीला २०१० साली ३५ अटी घातल्या होत्या. त्यानंतर दीड दशक उलटले, एक दिवाही पेटलेला नाही.

मग सौर वीज का नको? शेतकऱ्याच्या पंपाला दिवसा वीज हवी आणि सूर्य दिवसाच असतो. तिथे सौर पंप चांगलाच, त्यात वाद नाही. पण रात्री बर्फाचा कारखाना चालवायचा, दवाखाना चालवायचा, मुंबईच्या लोकल सोडायच्या, पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरलेले असताना चक्क्या फिरवायच्या, तर सूर्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. विजेचा साठा करणे स्वस्त होते आहे, तरी आज रात्रीचे मोठे ओझे कोळसाच उचलतो. त्याच्या जागी रात्रंदिवस चालणारे, धूर न सोडणारे दुसरे काय आहे, असे पाहू गेले तर अणुवीज समोर येतेच. म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत अणुविजेच्या बाजूला झुकते. मात्र झुकते माप प्रकल्पग्रस्तांच्या पारड्यात टाकल्याशिवाय ते मत गावात मांडण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आज हे लिहायचे कारण असे, की देशातल्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे आणि २०४७ पर्यंत १ लाख मेगावॉट अणुवीज क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा करून खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडले. म्हणजे हा विषय आता माडबनपुरता राहिलेला नाही. भट्ट्यांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, पण ते सरकारच्याच पंखाखाली असून पुरेसे स्वतंत्र नाही, असा ठपका महालेखापालांनी २०१२ साली ठेवला होता. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. कागदावरचा दर्जा कामात उतरतो का, हे बघायचे. ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशात नरोरा केंद्रात टर्बाइनला आग लागून केंद्राची सगळी वीज तासन्‌तास गेली होती. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, कर्मचाऱ्यांनी शर्थ केली. अशा घटना आपण होऊन, साध्या मराठीत, गावच्या चावडीवर सांगणारे खाते असेल, तर निम्मी भीती तिथेच ओसरेल. आपल्याकडे मात्र झाकपाकीची खोड जुनी.

तुमच्या भागात उद्या असा प्रकल्प आला, तर काही गोष्टी आत्ताच ध्यानात ठेवा. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार जनसुनावणीची किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. आघात अहवालाचा सारांश मराठीत द्यावा लागतो आणि अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत पाहायला ठेवावा लागतो. माडबनच्या सुनावणीआधी मराठी प्रती वेळेत पोचल्या नाहीत, अशी गावांची तक्रार होती. तेव्हा प्रत मागून घ्या, मिळाल्याची तारीख घालून पोच ठेवा. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन आराखडा असतो, दर दोन वर्षांनी सराव व्हायचा असतो. आपले गाव त्यात येते का, निघायचा रस्ता कोणता, पावसाळ्यात तो चालू असतो का, आयोडीनच्या गोळ्या कुणाच्या ताब्यात, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि वही आजच घाला. मच्छीमार सोसायटीने कोणत्या महिन्यात किती टोपल्या कोणती मासळी उतरली ते लिहावे, बागायतदाराने झाडामागे किती फळ ते लिहावे, आरोग्य उपकेंद्राकडून आजारांची वर्षवार नोंद मागून ठेवावी. प्रकल्प आला तरी ती कामाची, नाही आला तरी कामाची. नाट्याच्या बंदरावर ती पंधरा वर्षांपूर्वी घातली असती, तर आज तिच्यात पंधरा हंगाम जमले असते.