तीन लाख उल्लेखांचा शोधनिबंध

अंड्यातील पांढऱ्या भागात कॉस्टिक सोड्याचे द्रावण आणि मोरचुदाच्या द्रावणाचे थेंब घातले की जांभळा रंग येतो. प्रथिने ओळखण्याची ही बाययुरेट चाचणी आपल्या परिचयाची आहे. तिचाच एक कितीतरी अधिक संवेदनशील प्रकार १९५१ साली 'जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तांब्याची क्रिया झाल्यावर फोलिनचा अभिकारक घालावयाचा. मग येणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून प्रथिनांचे प्रमाण काढता येते. अभिकारक जुनाच होता. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील ऑलिव्हर लाउरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी कृती नेमकी बसवून दिली, एवढेच.

रसायनशास्त्राशी संबंधित असो वा नसो, जगातील कोणत्याही शोधनिबंधापेक्षा या अकरा पानांचा उल्लेख जास्त वेळा झालेला आढळला. २०१४ साली 'नेचर' साप्ताहिकाने सर्वाधिक उल्लेखिलेल्या शंभर निबंधांची यादी दिली, तेव्हा याचे उल्लेख तीन लाखांच्या वर गेले होते. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा १९५३ चा निबंध मात्र त्या शंभरांत नव्हता!

असे का व्हावे? उल्लेख कोण करतो ते पाहावे. यकृत, बियाणे, जीवाणू, कशावरही काम करणाऱ्या संशोधकाला प्रथिने मोजावी लागतात. कोणत्या पद्धतीने मोजली हे लिहिताना तो शेवटी लाउरींचे नाव देतो. याउलट फार मोठे शोध लवकरच पाठ्यपुस्तकांत जिरून जातात. ऑक्सिजनबद्दल लिहिताना आज लाव्हाझिएचा संदर्भ कोण देतो? स्वतः लाउरीही हा आपला थोर निबंध नव्हे असेच मानत. क्वार्ट्‌झच्या तंतूचा सूक्ष्म तराजू करून एकेक मज्जापेशी तोलण्यापर्यंत त्यांनी मजल मारली होती.

ही मोजदाद सुरू करणारे यूजीन गारफिल्ड हेही मूळचे रसायनशास्त्राचेच पदवीधर. कोणता निबंध पुढे कोणी वापरला हे शोधता यावे, यासाठी त्यांनी १९५५ साली उल्लेखसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ पासून ती सूची प्रसिद्ध होऊ लागली. हेतू ग्रंथपालाचा होता. वापर पुढे परीक्षकांनी केला. नेमणुका, बढत्या, अनुदाने यांत उल्लेखांचे आकडे डोकावू लागले.

२००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एकाच आकड्यात संशोधकाचे काम सांगणारा 'एच' निर्देशांक सुचवला. समजा, एकाचे पाच निबंध आहेत आणि त्यांचे उल्लेख अनुक्रमे ५०, १०, ४, ३ व १ आहेत. निदान तीन उल्लेख मिळालेले निदान तीन निबंध आहेत. पण निदान चार उल्लेखांचे चार नाहीत. म्हणून निर्देशांक ३. आता पहिल्या निबंधाचे उल्लेख ५० ऐवजी तीन लाख करा. निर्देशांक तीनच राहतो! सरासरी घेतली तर ती १३.६ वरून साठ हजारांच्या पुढे जाते. दोहोंपैकी कोणता आकडा खरा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे गणिताच्या तासालाही ठेवता येईल.

नियतकालिकांचेही असेच होते. नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील निबंधांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, तो त्याचा 'प्रभावांक'. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना उलगडणारी 'शेलेक्स' ही संगणक-प्रणाली केली. तिचा इतिहास त्यांनी २००८ साली 'अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका-ए' मध्ये लिहिला आणि प्रणाली वापरणाऱ्यांना संदर्भासाठी हा निबंध चालेल, असे त्यातच सांगून ठेवले. झाले! त्या नियतकालिकाचा प्रभावांक सुमारे २ होता, तो २००९ साली ४९.९ झाला आणि त्या वर्षी 'नेचर' मागे पडले. इतर लेखकांचे निबंध होते तसेच होते. त्यांच्या नियतकालिकाची पत मात्र कागदोपत्री पंचवीस पट झाली. दोन वर्षांची मुदत सरताच, म्हणजे २०११ साली, आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला.